हे खरे आहे काय?

विधानसभेत २८८ आमदार बसतात. त्यांतले काही रस्ते आणतात, काही कारखाने आणतात, काही मंत्रिपदाच्या आशेवर नवं जाकीट शिवून ठेवतात. आमचे तात्या प्रश्न मांडतात. सकाळी आठला त्यांच्या ओट्यावर गर्दी जमते आणि तालुक्यात जे जे बिघडलंय ते ते तिथं येतं: जळालेली डीपी, गळका वर्ग, तापाने फणफणलेली वाडी, बंद झालेली मुक्कामाची एसटी. तात्या खुर्चीत पुढं वाकून ऐकतात. ऐकणं ही त्यांची खरी देणगी. समोरचा कुत्रं चावल्याचं सांगत असताना त्यांचा चेहरा असा होतो, की कुत्रं त्याला नव्हे, तात्यांनाच चावलं असावं. मग ते पीएकडे बघून म्हणतात, "घ्या."

पीए घेतो. डायरीत.

"तात्या, माझ्या नळाचं काय झालं?" वरच्या आळीची एक म्हातारी दर सोमवारी विचारते.

"अक्का, तुमचा नळ सभागृहात मांडलाय."

"आन् पाणी?"

"पाणी उपप्रश्नात येईल."

म्हातारी समाधानाने जाते. आपला नळ भर सभागृहात मांडला गेला, मंत्र्यासंत्र्यांनी तो पाहिला, यात मान आहे. त्या मानाने हंडा भरत नाही, ते सोडा.

पत्रं देण्यात तर तात्यांचा हात कुणी धरणार नाही. शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून पालक आले, त्यांना पत्र. त्या गतिरोधकाने कंबरडं मोडतं म्हणून रिक्षावाले आले, त्यांनाही पत्र. दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात बांधकाम खात्यात पोचली, दोन्हींवर 'तातडीने' असा शेरा. उपअभियंता मुरलेला होता. त्याने दोन्ही पत्रांचा मान राखून अर्धा गतिरोधक उखडला. आता दुचाकीवाले राहिलेल्या अर्ध्याला वळसा घालून थेट शाळेच्या फाटकाशी निघतात. खरं तर पत्राचा नियम तहसीलच्या शिपायालासुद्धा ठाऊक आहे. पत्रामागून फोन आला तर काम करायचं, नाही आला तर आवक क्रमांक टाकायचा.

तात्यांचा सर्वांत पोटतिडकीचा विषय म्हणजे उसाच्या ट्रॉल्या. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर वाहतूक चालते. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन अंधारात उभी राहते आणि मोटारसायकलवरची पोरं तिच्यावर जाऊन आदळतात. यावर तात्या सभागृहात बोलले तेव्हा समोरच्या बाकावरच्यांनीही बाकं वाजवली. त्याच रात्री तालुक्यातून फोन आला. पोलिसांनी विनारिफ्लेक्टर ट्रॉली धरली होती आणि ती तात्यांच्या कार्यकर्त्याची होती. तात्यांनी ठाण्यात फोन लावला, "सोडा साहेब, आपलंच पोरगं आहे." पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खिशातून लाल रिफ्लेक्टर पट्टीची रिळं ठाण्यात पाठवली. तेव्हापासून आमच्याकडे आपली पोरं सुटतात, पण पट्टी चिकटवून सुटतात. धोरण म्हणून हे कुठल्या पुस्तकात बसणार नाही. तरी त्या रस्त्यावर रात्री गाडी घालताना मला ती पट्टी दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आरोग्य हा मात्र तात्यांना चकवणारा विषय. आमदार निधीतून खोली बांधता येते, डॉक्टर बांधता येत नाही. मैदानी भागात तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा शासनाचा निकष आहे. केंद्र आहे. इमारत आहे, तात्यांच्या नावाची कोनशिला आहे. डॉक्टर कागदावर इथं आणि प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याला. तात्यांनी विचारलं, पद रिक्त आहे काय? उत्तर आलं, पद रिक्त नाही. आणि ते शंभर टक्के खरं होतं. मग त्यांनी डोंगरावरच्या वाडीसाठी रुग्णवाहिका विचारली. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, ती आमच्याकडेही येते, डांबर संपतं तिथपर्यंत. पुढे झोळी. उत्तर आलं, रुग्णवाहिका उपलब्ध आहे. रस्त्याची बाब या विभागाशी संबंधित नाही.

अशा उत्तरांवर दुसरा कुणी खचला असता. तात्या मात्र तारांकित प्रश्नाच्या प्रेमात पडले. त्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक गावी अमुक गोष्ट नसल्याचे माहे सप्टेंबरमध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; चौकशीत काय आढळून आले; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? हा साचा तात्यांच्या जिभेवर इतका बसलाय, की परवा एका घरी सांत्वनाला गेले असताना ते थोरल्या मुलाचा हात हातात घेऊन म्हणाले, "आजोबा माहे जानेवारीत वा त्या दरम्यान गेले, असं समजलं." मुलगा म्हणाला, "हो तात्या, खरं आहे." तात्यांना भरून आलं. इतक्या सरळ 'हो'ची त्यांना सवय नाही.

त्यांचा एक प्रश्न तेवढा सभागृहात प्रत्यक्ष पुकारला गेला, तो सर्पदंशाचा. प्रश्नोत्तराचा तास एकच, यादी लांब, त्यामुळे बहुतेकांचे प्रश्न छापील उत्तरांतच संपतात. त्या दिवशी नंबर लागला. मंत्र्यांनी वेळ काढण्यासाठी विचारलं, साप कुठला होता? तात्या उभे राहिले, "अध्यक्ष महोदय, तो नाव न सांगताच गेला." हशा पिकला. मागून पीएची चिठ्ठी पुढं आली: नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर एकच लस चालते, ती केंद्रात होती का ते विचारा. चिठ्ठी हातात येईपर्यंत पुढचा प्रश्न पुकारला गेला होता. वर्तमानपत्रांत मात्र सापाचं वाक्य चौकटीत आलं, आणि तात्यांनी ते कात्रण फ्रेम करून ओट्यावर लावलं.

पण तात्यांची खरी कमाई न पुकारलेल्या प्रश्नांत आहे, आणि हे तालुक्याच्या फार उशिरा लक्षात आलं. गेल्या खेपेला आरोग्य केंद्रात श्वानदंशाची लस नव्हती. चावल्याच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या अशा मात्रा घ्यायच्या असतात. लोक प्रत्येक मात्रेला जिल्ह्याला खेटे घालत होते, रोजगार बुडवून. तात्यांनी प्रश्न टाकला. सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. ती विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयात गेली, तिथून संचालकांकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, तालुक्याला, आणि उतरत उतरत थेट त्याच आरोग्य केंद्रातल्या लिपिकाच्या टेबलावर आली. ज्याच्याबद्दल तक्रार, उत्तराचा मसुदा त्यानेच करायचा, अशी ही सोयीची व्यवस्था. लिपिकाने पीएला फोन केला, "साहेबांना नेमकं काय विचारायचंय?" पीए म्हणाला, "लस आहे का, एवढंच." लिपिक म्हणाला, "नाही. पण 'नाही' असं लिहिता येत नाही."

मग चक्रं फिरली. जिल्ह्याहून लशीचा डबा आला. फ्रीज दुरुस्त झाला. भिंतीला चुना लागला. डॉक्टर प्रतिनियुक्तीवरून परत आले आणि आपल्या खुर्चीवरची धूळ झटकून बसले. हिवाळी अधिवेशन नागपूरला. नागपूर करार १९५३ चा, तेव्हापासूनची ही बोली. तात्या फाइल घेऊन तिथं पोचले तोवर उत्तर छापून तयार होतं: '(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.'

विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. त्यांनी उत्तराच्या झेरॉक्स काढून बाजारात वाटल्या. आमदार सभागृहात धडधडीत खोटं बोलले, हे बघा शासनाचंच उत्तर! तात्यांनी बाजारातच सभा लावली आणि तीच झेरॉक्स माइकवरून वाचून दाखवली. "लस नाही, हे खरे नाही! कुणी खोटं पाडलं? मी पाडलं. डॉक्टर नाही, हे खरे नाही! कुणामुळं? आत्तापर्यंत शासनाने मला जितकं खोटं ठरवलंय, तितकं या जिल्ह्यात कुणाला ठरवलेलं नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण हिशेब बरोबर होता.

अर्थात अधिवेशन उठलं की डॉक्टरही उठतात. डबा रिकामा होतो, फ्रीजमध्ये शिपायाचं दूध राहायला येतं. वर्षाला अधिवेशनं तीन, म्हणून आमच्या आरोग्य केंद्राला उपस्थितीचे मोसमही तीन. जाणती माणसं हल्ली अधिवेशनाच्या तारखा बघून दवाखान्यात जातात. कुत्र्यांना तेवढं कळवायचं राहिलंय. तात्यांना हे ठाऊक आहे. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "आरं, तीन महिने डॉक्टर बसतोय हे कमी हाय का? उरलेल्या नऊ महिन्यांसाठी दुसऱ्या सभागृहात कुणीतरी बघा की. तिथंही माणसं बसतात."

शेजारच्या तालुक्याचा आमदार दांडगा आहे. त्याने पूल आणला, बायपास आणला, पण सभागृहात तो तोंड उघडत नाही. गेल्या आठवड्यात तिकडच्या एका वाडीची पाचसहा माणसं तात्यांच्या ओट्यावर आली. त्यांच्या उपकेंद्राला बरेच दिवस कुलूप होतं, नर्सबाई बदलून गेल्या त्या गेल्याच, बाळंतीण टेम्पोतून न्यावी लागली होती. बाकीचे अवघडून उभे राहिले. त्यांच्यातला वयस्कर गडी टोपी काढून पुढं आला.

"तात्या, आम्ही तुमचे मतदार न्हाई. पर आमच्या उपकेंद्राचंबी एकदा खोटं पाडा की."

तात्या पुढं वाकले. चेहरा बदलला, जणू टेम्पोत तेच बसून आले होते. त्यांनी पीएला "घ्या" म्हणून खूण केली आणि म्हाताऱ्याला जवळ बसवून घेत विचारलं, "काका, कुलूप कुठल्या माहे मध्ये निदर्शनास आलं?"