फलटणचे दर्यावर्दी

"काकू, नातू दिसेना कुठं तुमचा? सुट्टीला आला होता ना?"

"गेला की परत एसपीआयला, एनडीएची तयारी करून घेतात तिथं! घरापासून रिक्षानं जाता येईल एवढ्यावर संस्था, पण राहायचं होस्टेललाच. आणि आता नवीनच खूळ. म्हणायलाय, एनडीएतून नेव्हीतच जाणार. अगं, आमच्या सात पिढ्यांत कुणी दर्या बघितला नाही. आपला समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर, तोही मे महिन्यात तळ दाखवतो!"

"त्यानं काय होतंय? माझं माहेर फलटणचं. तिथं कुठला समुद्र? पण नेव्हीतले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी रिटायर होऊन फलटणजवळ विंचुर्णीलाच राहिले."

"आवटी? आमच्या ह्यांच्या बँकेत होते एक."

"ते नव्हे हो! लांब दाढीवाले. पेपरात फोटो यायचा. जन्म 1926 चा. इंग्रजांच्या काळात, 1945 ला नौदलात शिरले. 1971 च्या लढाईत 'कामोर्टा' नावाची युद्धनौका त्यांच्या ताब्यात होती. बंगालच्या उपसागरात पूर्व पाकिस्तानच्या बंदरांची नाकेबंदी केली, त्यात हे होते. वीरचक्र मिळालं."

"आणि घरचे? बायको बिचारी सारखी बदल्या करत, नाहीतर तार येतीय का बघत बसली असेल. मी नातवाचं ऐकलं की आधी त्याच्या होणाऱ्या बायकोचाच विचार करते."

"मुलगा सतरा वर्षांचा नाही, आणि तुम्ही सून आणून मोकळ्या! तसं खरंय म्हणा. नेव्हीतला माणूस सहा सहा महिने पाण्यावर. पोरांची शाळा, दुखणीखुपणी, सासूसासरे सगळं घरातल्या बाईवर. म्हणून तर बघा, 1983 ला पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून रिटायर झाले, तर मुंबईत फ्लॅट घेऊन बसले नाहीत. गावाकडं संसार थाटला. शेती, झाडं, पक्षी."

"हां, हे बरं केलं. मग पुढं काय, आरामखुर्ची आणि नातवंडांना लढाईच्या गोष्टी?"

"तिथंच तर गंमत आहे! त्यांच्या डोक्यात एकच. भारतीय माणसानं एकट्यानं, शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारायची. स्वतःचं वय ऐंशीच्या घरात. मग नौदलाच्या मागं लागले. नौदलानं विचारलं, कोण जाणार? दिलीप दोंदे म्हणाले, मी जातो. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली, 56 फुटांची. 19 ऑगस्ट 2009 ला दोंदे मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 ला परत आले."

"ऑगस्ट ते मे... अगं बाई, नऊ महिने! बाळंतपणच की हे!"

"आणि तेही एकट्यानं! वाटेत चार ठिकाणीच थांबले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं आणि केपटाऊन. बाकी सगळं पाणी."

"जेवणाचं काय पण? नऊ महिने कोण वाढणार?"

"स्वतःच करायचं. शीड ओढायचं, दुरुस्ती करायची, रात्री उठून वारा बघायचा. पुढं 2012-13 ला अभिलाष टॉमी त्याच होडीतून गेले, ते तर कुठंच न थांबता. 151 दिवस! आणि 2017-18 मध्ये सहा बायका गेल्या, 'तारिणी'तून. नौदलातल्या पोरी, वर्तिका जोशी कॅप्टन. गोव्याहून निघाल्या, गोव्यालाच परत आल्या."

"बायका? आणि आमच्याकडं सून एकटी पुण्याला निघाली तर बसस्टँडवर पोचवायला तीन माणसं!"

"तेच तर. त्या पोरी मे 2018 ला परतल्या तेव्हा आवटी होते. 91 वर्षांचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले."

"म्हणजे पोरींची फेरी पुरी झालेली बघूनच गेले म्हण. बरं झालं."

"मला काय आवडतं सांगू का? ह्या माणसाकडं सांगायला केवढं होतं! लढाई, वीरचक्र, बोटी. आपल्याकडं एवढं असतं तर पारावर बसून 'आमच्या वेळी असं होतं' एवढंच ऐकवलं असतं जन्मभर. त्यांनी दुसऱ्याला उठवलं, होडी मिळवून दिली आणि म्हटलं, आता तू जा. आणि एकजण जाऊन आला की थांबले नाहीत, दुसऱ्याच्या मागं लागले."

"अगदी आमच्या ह्यांच्या उलट! हे बँकेतून रिटायर होऊन किती वर्षं झाली, अजून लेजर हातानं लिहायचो ह्याच्यापुढं गाडी सरकत नाही. नातू आला की त्यालाही तेच. पोरगं बिचारं इयरफोन घालून बसतं."

"काकांचं गणित चांगलं आहे ना पण?"

"चांगलं? तोंडी व्याज काढतात चक्रवाढ!"

"मग एनडीएच्या पेपरात गणित असतंच की. बसवा दोघांना समोरासमोर."

"बसवते तर! लेजर बंद, त्रिकोणमिती सुरू. अहो, ऐकलंत का? चप्पल घाला, नातवाच्या गणिताच्या पुस्तकाची अजून एक प्रत आणायची आहे. तुम्हाला!"