दुबई पाहावी सप्टेंबरात

परदेशातल्या शाळेत नोकरी मिळायची चिन्हं दिसू लागली की मराठी शिक्षक आधी चार दिवस तिकडे जाऊन 'एकदा बघून यायचं' ठरवतो. विचार शहाणपणाचा असतो. पण त्यासाठी तो नाताळची सुट्टी निवडतो आणि शहाणपण तिथंच संपतं. डिसेंबरातली दुबई म्हणजे महाबळेश्वरला लाजवील अशी संध्याकाळ. उमेदवार सहकुटुंब ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाखाली उभा राहून मानेला कळ लागेपर्यंत वर बघतो, वाळवंटात जीपमध्ये बसून पोटातलं पाणी हलवून घेतो, 'अब्रा' या लाकडी होडीतून एका दिरहमात खाडी ओलांडतो आणि 'देश उत्तम आहे' असा निकाल देतो. त्याने पाहिलेला असतो तो पाहुण्यांचा देश. शिक्षकांचा देशही त्याच पत्त्यावर असतो, पण तो सकाळी सहाला उठतो आणि बुर्ज खलिफाकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की पाहणी करायचीच तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी.

सप्टेंबरच का? जुलै-ऑगस्टात शाळांना कुलूप असतं आणि शिक्षक गावी आंबा संपल्याची हळहळ करत बसलेले असतात. सप्टेंबरात शाळा भरलेल्या असतात. उन्हाळ्याला मात्र सुट्टी संपल्याची वर्दी पोहोचलेली नसते. हे माझ्या पदरचं नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथल्या सरकारचीच बंदी आहे. बसथांब्यांच्या वातानुकूलित खोल्या करून ठेवणारं शहर उगाच वीज जाळत नसतं. 'मेट्रोपासून चालत पाच मिनिटं' ही घरदलालाची ग्वाही डिसेंबरात खरीच असते. सप्टेंबरात दाराबाहेर पाऊल टाकलं की दमट हवेने चष्मा पांढराफटक होतो, तो पुसेपर्यंत पहिलं मिनिट जातं, आणि उरलेल्या चारांत इस्त्रीच्या शर्टाचा नकाशा होतो. पुढे सहा तास बीजगणित शिकवायचं असतं. मेट्रोत गार वाटतं, पण तिथं चिवड्याची पुडी सोडली तर १०० दिरहम दंड. शाळेला निघालेल्या माणसाने नाश्ता कुठे उरकायचा, हा प्रश्न पाहणीच्या यादीत बुर्ज खलिफाच्या वर हवा.

त्याहून मोठा प्रश्न घराचा. आपला माणूस पगाराचा रुपयांत गुणाकार करून गावभर पेढे वाटतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने जखडलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की पेढ्यांचा आकारही वाढतो. पण घरमालक रुपयांत भाडं घेत नाही आणि महिन्याच्या महिन्यालाही सहसा घेत नाही. तो वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक आधीच मागतो, आणि चेक जितके कमी तितका खूश होतो. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी फ्लॅटला २००० दिरहम अनामत वेगळी. मग कुणीतरी शेजारच्या शारजाचं नाव काढतो. अल नहदा नावाची वस्ती हद्दीच्या दोन्ही अंगांना आहे, एक दुबईची आणि एक शारजाची. पलीकडे भाडं उतरतं आणि प्रवास चढतो. वर २०२२ पासून शारजाने शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी घेतली. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. म्हणजे शेजारी अंथरुणात आणि मास्तर वाहनांच्या रांगेत. ही रांग सहलीच्या बसमधून दिसत नाही. ती सकाळी साडेसहाला तिच्यात उभं राहूनच पाहावी लागते.

यावर कुणी म्हणेल, आता सगळं मोबाइलवर दिसतं, जायचं कशाला? दिसतं खरं. दुबईच्या खासगी शाळांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण २००६ पासून आहे आणि त्याने शाळांना दिलेले शेरे कुणालाही वाचता येतात. पण ते शेरे वाचून पालक शाळा निवडतात. शिक्षकांच्या खोलीत दुपारी दोनला लोकांचे चेहरे कसे असतात, ते तिथं बसल्यावरच कळतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : करारपत्र नीट वाचावं, फिरण्यात काय आहे? अगदी मान्य. मात्र 'निवास भत्ता' या दोन शब्दांत दुबईतल्या करामा वस्तीतली एक खोली बसते की अल नहदाचा अख्खा फ्लॅट, हे करारपत्र सांगत नाही. जिना चढावा लागतो. तिसरा आक्षेप घरातून येतो. पदरचे पैसे घालून उकाडा बघायला कोण जातं, आणि पोरांनी उंटावर कधी बसायचं? त्याला उत्तर असं, की उन्हाळ्यात हॉटेलं स्वस्त असतात, आणि नोकरी धरली तर उंट काही पळून जात नाहीत. कुटुंबासकट बिऱ्हाड हलवून सहा महिन्यांत परत आणण्यापेक्षा हा खर्च केव्हाही कमी.

अशी पाहणी करून माणूस नोकरी नाकारूनच येईल, ही भीतीही मला पटत नाही. त्या पगारावर आयकर नाही, वर्गात निम्मी पोरं आपल्या आडनावांची निघू शकतात आणि कोपऱ्यावर कडक चहा मिळतो. एवढ्यावर आपला माणूस बरंच सोसतो. फक्त काय सोसायचं त्याची यादी आधी हातात असावी. सप्टेंबर बघूनही ज्याला 'जमेल की' असं वाटलं, त्याने बेधडक सही करावी. करारपत्रात कुठेही न लिहिलेला डिसेंबर त्याला दरवर्षी फुकट मिळेल.