बिनखाड्याचा जॉक

प्रत्येक कचेरीत एक गृहस्थ असतो. मस्टर उघडायच्या आधी दारात हजर, रजा साठून साठून वाया चाललेली, साहेब बदलले, पंखे बदलले, पण याची खुर्ची जागची हललेली नाही. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला टरकून असतात आणि त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. या जातीचा मला माहीत असलेला सर्वांत अस्सल नमुना मात्र कचेरीतला नाही. तो मेलबर्नच्या कॉलिंगवूड फुटबॉल क्लबातला आहे. नाव जेम्स फ्रान्सिस मॅकहेल.

जग त्याला जॉक म्हणे. वास्तविक जॉक हे स्कॉटिश माणसाचं नाव आणि हा आयरिश वंशाचा. एका वर्तमानपत्री व्यंगचित्रकाराने त्याला स्कॉटिश टोपी घालून काढलं आणि ते नाव चिकटलं, असं सांगतात. दुसरा असता तर खुलासा पाठवला असता. याने नाव वापरायला घेतलं ते शेवटपर्यंत वापरलं. हातात आलेली वस्तू बदलायची नाही, हा स्वभावच.

खेळ होता ऑस्ट्रेलियन रूल्स. हिवाळ्यात क्रिकेटची मैदानं रिकामी पडतात, तिथे एका बाजूला अठरा जण घेऊन लंबगोल चेंडूमागे धावायचं. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, नेम चुकून शेजारच्या फटीतून गेला तरी एक. चुकीलाही काही ना काही देणारा असा हा दिलदार खेळ आणि त्यात हा मनुष्य, ज्याने कधी कुणाला ठरल्यापेक्षा दमडी जास्त मिळू दिली नाही.

१९०३ साली तो कॉलिंगवूडकडून खेळायला लागला. खेळ डोळे दिपवणारा नव्हता, पण हजेरी दिपवणारी होती. १९०६ ते १९१७ या काळात ओळीने १९१ सामने, एकही खाडा नाही. तोही कसल्या खेळात, तर जिथे बरगडीला ढोपर लागणं ही रोजची सलामी! १९१२ मध्ये त्याला प्रशिक्षक केलं. तेव्हापासून १९४९ पर्यंत तो प्रशिक्षकच होता. दोन महायुद्धं आली आणि गेली, महामंदी येऊन गेली. डॉन ब्रॅडमन कसोटीत आला, जगाची गोलंदाजी झोडून निवृत्त झाला. जॉक बाकावर, डोक्याला हॅट, तसाच.

पोट भरायला नोकरी होती, ती बिअरच्या कारखान्यात. गंमत अशी की तो कारखाना कार्लटनचा, आणि कॉलिंगवूडचा सात जन्मांचा वैरी क्लब कोण, तर कार्लटन. आठवडाभर ज्या नावाची भाकरी खायची, शनिवारी त्याच नावाला मातीत घोळवायचं. यात त्याला काही विसंगती वाटली असेल असं मला वाटत नाही. कामाच्या जागी काम, मैदानाच्या जागी मैदान. १९१५ आणि १९३८ च्या अंतिम सामन्यांत कार्लटननेच त्याला घोळवलं, तरी सोमवारी कारखान्याची वाट चुकली नसणार.

त्याचं खरं तत्त्वज्ञान पगाराच्या पाकिटात होतं. क्लबात सगळ्यांना एकच रक्कम. गॉर्डन कोव्हेंट्रीने १९२९ च्या एका मोसमात १२४ गोल केले, तरी पाकीट तेवढंच आणि काल आलेल्या पोराचंही तेवढंच. स्वतः जॉकही खेळाडूइतकंच घेई, म्हणून तोंड उघडायची सोय नव्हती. कंजूष माणूस स्वतःपुरता सैल असतो, तेव्हा त्याच्याविरुद्ध बंड करता येतं. हा स्वतःलाही सोडत नव्हता. या हिशेबाने १९२७ ते १९३० अशी सलग चार विजेतेपदं आली. लोक त्या संघाला ‘द मशीन’ म्हणू लागले. त्या स्पर्धेत सलग चार विजेतेपदं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेली नाहीत. उलट बाजूही सांगायला हवी. रॉन टॉड नावाचा उड्डाणबहाद्दर १९३९ मध्ये १२१ गोल करून, दुसऱ्याच वर्षी पैशांसाठी विल्यमस्टाउन क्लबात निघून गेला. एकच भाव लावणाऱ्या दुकानातून चांगला माल असाच जातो. १९३७, ३८, ३९ असे तीन अंतिम सामने ओळीने हरल्यावर हे झालं. जॉकने भाव बदलला नाही.

आणि अशा माणसाने खाडा केला तो नेमका १९३० च्या अंतिम सामन्याला! चौथ्या सलग विजेतेपदाचा दिवस आणि प्रशिक्षक आजारी, घरी अंथरुणात. मध्यंतराला समोरचा जिलाँग संघ पुढे. खजिनदार बॉब रश यांनी पोरांपुढे भाषण ठोकलं. आता खजिनदाराचं भाषण ऐकून कुणी चवताळून उठल्याचं आपल्या सोसायटीत तरी घडलेलं नाही, पण तिथे घडलं. कॉलिंगवूड ३० गुणांनी जिंकलं. नोंदवहीत मात्र ते विजेतेपद जॉकच्याच नावावर, त्याच्या आठांपैकी एक. काही चिकित्सक अजून कुरकुरतात. माझं मत विचाराल तर इतकी वर्षं हजेरी लावणाऱ्याला एक प्रॉक्सी माफ असावी.

१९४९ नंतर त्याने बाक सोडला. १९५३ च्या सप्टेंबरात कॉलिंगवूडने त्याच जिलाँगला १२ गुणांनी हरवलं, सतरा वर्षांनी कप घरी आला, आणि आठ दिवसांनी जॉक हृदयविकाराने गेला. आधी निकाल पाहिला, मगच रजा टाकली.

प्रशिक्षक म्हणून त्याचे ७१४ सामने. हा आकडा मोडायला २०१५ साल उजाडावं लागलं. मोडला मिक मॉल्टहाउसने, पण त्यासाठी त्याला चार क्लब पालथे घालावे लागले. त्यांतला एक कॉलिंगवूड आणि शेवटचा, अर्थातच, कार्लटन. ७१५ वा सामना नेमका कॉलिंगवूडशीच पडला. कॉलिंगवूडने ७५ गुणांनी धुतलं, आणि महिना उलटायच्या आत कार्लटनने मॉल्टहाउसला नारळ दिला.