जागेश्वर

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या किंवा नारायण पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, जागेश्वर भेटतोच. त्याचं खरं नाव प्रवेशपत्रावर असतं आणि गावाकडच्या माणसांना ठाऊक असतं. पेठेत तो जागेश्वर. चार्जिंगच्या पिनेजवळची खुर्ची त्याची. खुर्चीवर उशी, टेबलावर थर्मास, पाच रंगांचे हायलायटर आणि मोबाइलवर अखंड पळणारं स्टॉपवॉच. ‘काल काय वाचलंस?’ असं त्याला कुणी विचारत नाही. ‘काल किती झाले?’ असं विचारतात. तो मान वर न करता म्हणतो, ‘सोळा.’ नऊ तास करून आलेला पोरगा हिरमुसून आपल्या जागेवर जातो आणि जागेश्वराला निम्मी पोस्ट मिळाल्यासारखं वाटतं.

सोळाचं रहस्य गोळीत आहे. पहिली गोळी कुणी विकत आणत नाही, ती मिळते. जागेश्वराला ती खोलीतल्या मित्राकडून मिळाली. मित्राला लहानपणापासून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार. मानसोपचारतज्ज्ञांनी नीट तपासून त्याला मिथाइलफेनिडेट सुरू केलेलं. ते घेतलं की त्याला पान संपेपर्यंत पुस्तकात राहता येतं आणि दुसरी चप्पल कुठे काढली तेही आठवतं. ज्याला गरज आहे त्याला ही गोळी खरोखर उभं करते. जागेश्वराने यावरून सिद्धांत मांडला : ज्याचं लक्ष लागत नाही त्याचं जर इतकं लागतं, तर माझं आधीच लागतंय, माझं किती लागेल! मित्राच्या महिन्याच्या गोळ्या विसाव्या दिवशी संपायला लागल्या, तेव्हा त्याने डबी पेटीत ठेवून कुलूप लावलं. चपला पुन्हा हरवू लागल्या त्या मात्र मित्राच्या.

मग जागेश्वर मेडिकलच्या दुकानात गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘काका, ती लक्ष लागायची गोळी...’

‘चिठ्ठी?’

‘खोलीवर राहिली.’

‘खोली कुठंय?’

‘इथंच, मागच्या गल्लीत.’

‘मग घेऊन या की. दुकान दहापर्यंत उघडं आहे.’

काकांनी वर फुकट मार्गदर्शनही केलं. हे औषध परिशिष्ट ‘एक्स’मधलं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची. शिवाय १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही त्याचं नाव आहे. ‘आणि उद्या तुम्हीच एमपीएससी काढून औषध निरीक्षक म्हणून या काउंटरवर याल,’ काका म्हणाले, ‘तेव्हा तुम्हाला काय दाखवू?’

चिठ्ठी हवी म्हणून जागेश्वर डॉक्टरांकडे गेला. जाण्याआधी त्याने एडीएचडीची लक्षणं पाठ केली, पाचव्या रंगाच्या हायलायटरने रंगवली आणि डॉक्टरांसमोर क्रमाने म्हणून दाखवली. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘ही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. आईंशी बोलू या का?’ फोन स्पीकरवर लागला. आई अभिमानाने म्हणाली, ‘नाही हो डॉक्टरसाहेब! आमचा बाळू एकदा पाटावर बसला की दोन-दोन तास हलायचा नाही. मास्तर त्याचं उदाहरण द्यायचे.’ आईच्या कौतुकाने लेकराचं इतकं नुकसान क्वचितच झालं असेल.

शेवटी कुणाच्या तरी ओळखीने मोडाफिनिलची पाकिटं आली. पेठेत या गोळीला ‘मोडा’ म्हणतात. हीसुद्धा चिठ्ठीवरचीच गोळी. ज्यांना दिवसाढवळ्या झोपेचे झटके येतात किंवा रात्रपाळीने ज्यांच्या झोपेचं घड्याळ बिघडलंय, त्यांच्यासाठीची. जागेश्वराची झोप ठणठणीत होती. तेवढाच त्याचा आजार.

गोळीबरोबर जागेश्वराला इतिहासही चढला. चहाच्या टपरीवर तो सांगे, ‘पॉल एर्डिश! हंगेरीचा गणिती. आयुष्यात दीड हजार शोधनिबंध. अँफेटामिन घ्यायचा. १९७९मध्ये रॉन ग्रॅहम नावाच्या मित्राने पाचशे डॉलरची पैज लावली, महिनाभर सोडून दाखव. पठ्ठ्याने सोडलं, पैज जिंकली आणि वर म्हणाला, तुझ्यामुळे गणित एक महिना मागे पडलं!’ दीड हजार शोधनिबंधांचं डोकं एर्डिशकडे गोळीच्या आधीपासून होतं, हा तपशील तो गाळत असे.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने एकदा विचारलं, ‘आणि टॉम सिम्पसन?’

‘तो कोण?’

‘ब्रिटिश सायकलपटू. १९६७च्या तूर द फ्रान्समध्ये भर उन्हात माँ व्हाँतूचा चढ चढताना कोसळला आणि गेला. पोटात अँफेटामिन होतं. वय एकोणतीस.’

जागेश्वर क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘मी सायकल चालवत नाही.’

आता त्या सोळा तासांत व्हायचं काय, ते पाहू. गोळी मेंदूतलं डोपामिन वाढवते. त्यामुळे समोर जे असेल ते विलक्षण महत्त्वाचं वाटू लागतं. समोर काय असावं हे मात्र गोळी ठरवत नाही. एका रात्री जागेश्वर राज्यघटना वाचायला बसला. गोळी लागू व्हायच्या नेमक्या वेळी नजर अनुक्रमणिकेवर होती. पहाटेपर्यंत अनुक्रमणिकेची अनुक्रमणिका तयार झाली. दुसऱ्या रात्री गोदावरीच्या उपनद्यांचा तक्ता. रेघा अशा की छापखान्याने लाजावं. नद्या त्यात भरायच्या राहिल्या. तिसऱ्या रात्री कानकोरण्याने लॅपटॉपचा कळफलक साफ झाला. स्टॉपवॉचच्या लेखी हे सगळे तास सारखेच.

मेलबर्नच्या संशोधकांनी २०२३मध्ये हाच तमाशा शास्त्रशुद्ध मांडला. चाळीस निरोगी माणसांना याच जातीच्या गोळ्या देऊन कोडी घातली. वजनाची मर्यादा असलेल्या पिशवीत सर्वांत मोलाच्या वस्तू कशा बसवायच्या, अशी. गोळी घेतलेली माणसं जास्त वेळ झटली, जास्त हालचाली केल्या आणि पिशवी जास्त वाईट भरली. एरवी जे सरासरीच्या वर असायचे, तेच बहुधा खाली घसरले. थोडक्यात, गोळी कष्ट वाढवते आणि कष्ट वाढले की आपण हुशार झालो असं वाटायला लागतं. जागेश्वराला तेवढ्यावर सोळा तास मिळाले होते.

उरलेले आठही सुखाचे नव्हते. मेसचे मामा आधी खूश होते. ताट तसंच परत येई, पैसे पूर्ण. मग त्यांनाच काळजी वाटायला लागली. ‘बाळा, भाजीत काही कमी-जास्त आहे का?’ भाजी होती तशीच होती, भूक मेली होती. तोंडाला कोरड, रात्री दातांवर दात, बसल्या जागी छातीत धडधड. एकीने भागेना म्हणून दोन, दोनांनी डोळा लागेना म्हणून वर झोपेची एक. पुढे पुढे त्याला खात्री पटली की अभ्यासिकेतलं कुणीतरी आपल्या नोट्सचे फोटो काढतंय. तो नोट्स पाठीवरच्या सॅकमध्ये घालून, सॅक पोटाशी धरून बसू लागला. पोरं हसली. शेजारची मुलगी हसली नाही. या गोळ्यांच्या अतिरेकाने माणसाला भास आणि संशय जडतात, हे तिने वाचलं होतं.

पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरला शंभर प्रश्न आणि दोन तास. जागेश्वराने एकेक उत्तर चार-चार वेळा तपासलं. वर्तुळं काठोकाठ, एक ठिपका बाहेर नाही. घंटा झाली तेव्हा एकसष्टावा प्रश्न चालू होता.

मित्राने (तोच, चपलांवाला) त्याला आपल्या डॉक्टरांकडे नेलं. जागेश्वराला वाटलं, उताऱ्याची गोळी मिळेल. डॉक्टर म्हणाले, ‘अफूच्या व्यसनात बदली औषध देता येतं. या व्यसनात तसं ठरलेलं औषध नाही.’ ज्याच्यासाठी गोळीचा इलाज नाही असा आजार आपण गोळी खाऊन मिळवला, हे त्याला पचायला वेळ लागला. सोडल्यावरचे पहिले दिवस झोपेचे, बकासुरी भुकेचे आणि मन पार खचवणारे. या दिवसांत जीव नकोसा झाल्याचे विचारही येतात, म्हणून डॉक्टरांनी बजावलं, याला एकटं सोडायचं नाही. मित्र रात्रीही जवळ राहिला. जागेश्वर चौदा तास झोपायचा आणि उठून सवयीने सांगायचा, ‘चौदा झाले.’

पुढचे उपचार बोलण्याचे. हात गोळीकडे कधी जातो? टेस्ट सिरीजच्या आदल्या रात्री, की मामेभावाला पोस्ट मिळाल्याची बातमी आली की? एका उपचारपद्धतीत लघवीची तपासणी निर्दोष आली की छोटंसं बक्षीसही देतात. जागेश्वराचे डोळे चमकले. ‘म्हणजे इथेही मार्क आहेत? निगेटिव्ह मार्किंग?’

गटसभेत मात्र तो सुरुवातीला अंग चोरून बसला. ज्या पुण्यात १९८६ साली अवचट दांपत्याने पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथे मदत मागण्यात लाज कसली, असं मित्राने समजावलं होतं. तरी ओळख करून देताना तो म्हणाला, ‘मी तसा व्यसनी नाही. मी अभ्यासासाठी घ्यायचो.’ समोरचे ट्रकड्रायव्हर काका मोठ्या मायेने म्हणाले, ‘आम्ही काय नाचायला घ्यायचो का लेकरा? आम्हीबी जागायलाच घेत होतो. नागपूर-मुंबई, एका दमात.’ त्या दिवशी जागेश्वराला प्रथमच आपल्या तोडीचा माणूस भेटला.

तो एकदा घसरला, मुख्य परीक्षेचा निकाल मित्राचा लागला तेव्हा. घसरणं उपचारात धरलेलंच असतं. परत जायचं असतं, तो गेला. आता तो अभ्यासिकेत सात तास झोपेचा प्रचार करतो, तोही त्याच हट्टाने आणि त्याच पाच रंगांत. गावाहून फोन येतो, ‘किती तास करतोस रे?’ तो म्हणतो, ‘आज मूलभूत हक्क झाले.’ पलीकडे काही क्षण काहीच ऐकू येत नाही. या उत्तरावर पुढे काय विचारायचं ते कुणाला ठाऊक नसतं.

परवा नवा आलेला एक पोरगा त्याच्या कानाशी लागला. ‘दादा, तुमच्याकडं ती गोळी असते म्हणं?’

‘मिळेल की,’ जागेश्वर म्हणाला. ‘आईचा नंबर दे.’