कूलर, एसी आणि भिंतीपलीकडच्या काकू

"काऊन गं, सकाळी सकाळी ताट्या काढून बसली?"

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज. नागपुरात होळी झाली की दोन गोष्टी बाहेर पडतात, माळ्यावरचे कूलर आणि शेजाऱ्यांच्या भानगडी. काकूंना दोन्हींत सारखाच रस. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, त्यामुळे त्यांच्या चुगल्यांनाही प्रयोगवहीची शिस्त असते.

"बदलून राहिले काकू. पार पांढऱ्या पडल्या, बघा ना."

"बोअरचं पाणी टाकत असशील. पाणी उडून जातं, क्षार ताटीतच बसतो. मग ताटी भिजत नाही अन् कूलर नुसता गरम वारा फेकतो. नळाचं टाक. अन् दर आठवड्याला खालचं जुनं पाणी सोडून देत जा, वरून नुसतं भरत राहू नको. खसाच्या घेतल्या का?"

"खसाचा वास छान येतो, पण दुकानदार म्हणतो हनीकोंबची घ्या."

"घे की. महाग पडते, पण दोन-तीन उन्हाळे काढते. ती भुशाची ताटी तर दरवर्षी फेकावीच लागते." एवढं बोलून काकूंनी आवाज खाली आणला. म्हणजे मूळ विषय आता येणार होता. "काल कोपऱ्यावरच्या घरी टेम्पो आला होता, पाहिला?"

पाहिला म्हणजे काय! अख्ख्या गल्लीनं पाहिला. दोन एसी उतरले. एक तिथल्या सासूबाईंच्या खोलीत, एक सूनबाईंच्या. दीड-दीड टनाचे.

"सासूची खोली दहा बाय दहाची, खालच्या मजल्यावर," काकू म्हणाल्या. "तिला एक टन भरपूर होता. सुनेची वर गच्चीखाली, पश्चिमेची भिंत दिवसभर तापते, तिला दीड ठीक. पण एकीला एक अन् दुसरीला दीड आणला असता तर घरात काय झालं असतं, विचार कर!"

टन म्हणजे एसीचं वजन नव्हे, हे काकूंनी मला मागेच समजावलं होतं. यंत्रानं गारवा करायच्या आधीच्या काळात लोक बर्फ विकत आणायचे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. आजच्या हिशेबात साधारण साडेतीन किलोवॉट.

"पाच स्टारचे आहेत म्हणे," मी म्हटलं.

"कोणत्या सालचे? ताऱ्यांचे निकष मधून मधून कडक होतात. २०२२ च्या जुलैत झाले, तेव्हा आदल्या दिवशीचे पाच तारे दुसऱ्या दिवशी चार झाले. म्हणून स्टिकरवरचं वर्ष वाचावं आधी. अन् खाली वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १,६०० तास धरून. आपल्याकडे एसी चालतो किती? एप्रिल, मे, जूनचा पाऊस लागेपर्यंत, तोही रात्रीचा. एवढ्यासाठी पाच ताऱ्यांचे वरचे पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतील, ते मांडून बघ. ज्याच्या दुकानात दिवसभर एसी चालतो, त्यानं खुशाल पाच घ्यावे. घरच्याला तीन पुरतात."

हे मला पटलं. ताऱ्यांच्या मागे लागलेली माणसं आपला वापर किती, हे कधीच मोजत नाहीत.

"सूनबाई अठरावर लावते. मागच्या खिडकीतून दिसतो आकडा," काकूंनी माहिती पुरवली. मागच्या खिडकीतून काय काय दिसतं, हे मी विचारलं नाही. "२०२० पासून नवे एसी मुळात चोवीसवरच सुरू होतात, तशी सोयच करून ठेवली आहे सरकारनं. अठरावर लावलं म्हणून खोली लवकर गार होते असं थोडंच आहे? कंप्रेसरला उसंत मिळत नाही, एवढंच. वर पंखा लावून चोवीस-सव्वीसवर झोपावं. अन् महावितरणचं बिल टप्प्याटप्प्यानं चढतं हे तर विसरूनच जातात लोक. शंभर, तीनशे, पाचशे. तीनशेची रेघ ओलांडली की पुढच्या प्रत्येक युनिटला जास्त दर. दोन एसी लावल्यावर पाचशेचीही ओलांडणार. मग सासू-सून दोघी मिळून मीटरवाल्याला शिव्या देतील. तेवढीच एकी."

कूलरचा हिशेब मात्र सोपा. घरचा साधा कूलर दीडशे ते अडीचशे वॉटचा. दहा तास चालवला तर दीड ते अडीच युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असला की तास-दीड तासातच तेवढे खातो. पण कूलरच्या अटी आहेत, आणि त्या आमच्या वरच्या बिऱ्हाडकरूंना ठाऊक नाहीत. त्यांनी कूलर खोलीत मधोमध मांडला आणि गार हवा पळू नये म्हणून दारंखिडक्या गच्च लावून घेतल्या. दोन तासांनी चादरी ओलसर, कागद मऊ, माणसं घामाघूम.

"त्यांना सांगितलं नाही का?" मी काकूंना विचारलं.

"सांगितलं ना. ते म्हणाले, एसी लावल्यावर खिडक्या बंदच ठेवतात. एसी तीच हवा फिरवतो हो, कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते! खिडकीत बसव, पाठ बाहेर, तोंड आत, अन् समोरची खिडकी चार बोटं उघडी. आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर दमटपणा साचतो. मग कूलर काय करणार?"

काकूंनी मागे पंचांगाच्या पाठीवर गणित करून दाखवलं होतं. बाहेर ४५ अंश आणि हवेत दमटपणा १५ टक्के असेल, तर चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा देतो. वीज अडीचशे वॉटहून कमी लागते आणि सोळा अंश उतरतात. हेच जुलैत ३२ अंश आणि दमटपणा ८० टक्के झाला, की कूलरला जेमतेम दोन-तीन अंश जमतात, वर घाम वाळत नाही तो वेगळाच. म्हणून मृग बरसला की नागपूरकर कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवतात. माझ्या नणंदेनं आमच्याकडचा कूलर पाहून मुंबईला तसाच घेतला. समुद्राकाठच्या हवेत तो काय गार करणार? आता त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात.

पाणी मात्र तो भरपूर पितो. दुपारभर चालला तर पन्नास-साठ लिटर सहज. टँकर येणाऱ्या वस्तीत हा विचार एसी-कूलरच्या वादात आधी यायला हवा, पण तो कोणी काढत नाही. शिवाय डेंग्यूचा डास. तो गटारात नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करायची. नुसती रिकामी करून भागत नाही, कडा ब्रशनं घासायच्या. चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात.

"पाण्यावरून आठवलं," काकू भिंतीला टेकल्या. "परवा एक पोरगा आला होता, आरओ विकायला. तुझ्याकडे नाही आला?"

"मी दार नाही उघडलं."

"मी उघडलं. मला वेळच वेळ आहे! त्यानं दोन ग्लास मांडले. एकात आपलं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याचं आरओचं. दोन्हींत लोखंडी कांड्या घातल्या अन् वीज सोडली. आपलं पाणी दोन मिनिटांत गंजाच्या रंगाचं झालं, त्याचं तसंच नितळ. म्हणतो, आजी, हे विष पिता तुम्ही."

"मग?"

"मग मी म्हटलं, बेटा, आता तुझ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक अन् पुन्हा कांड्या बुडव. तयारच होईना. मीच टाकलं. त्याचंही पाणी तांबडं! अरे, पाण्यात क्षार असले की वीज वाहते अन् तुझी लोखंडी कांडीच विरघळते. तो रंग पाण्याचा नाही, कांडीचा आहे. चहा न घेताच गेला बिचारा."

आमचा नळ पेंच-कन्हानच्या पाण्याचा. नदीच्या पाण्यात क्षार बेताचे, ते गाळून आणि जंतू मारून घेतलं की पुरे. क्षारांचा आकडा लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आरओची गरजच नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये तशा ठिकाणी आरओवर बंदी घालायलाच सांगितलं होतं. बोअरवर जगणाऱ्यांची गोष्ट निराळी, त्यांना तो लागतो. पण एक लिटर पिण्याजोगं करताना दोन-तीन लिटर वाया जातं, ते निदान फरशी पुसायला तरी धरून ठेवावं. कूलरमध्ये ओतू नये, ते जास्तच खारं असतं.

पाण्याचा विषय निघाला तरी गिझरवर फार बोलणं झालं नाही. मार्चनंतर आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतूनच चटका बसेल असं पाणी येतं. हिवाळ्यात पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला पाऊण युनिटही लागत नाही, दोन किलोवॉटचा गिझर ते वीस मिनिटांत करतो. तरी लोक तो दिवसभर सुरू ठेवतात. काकूंचा राग गॅस गिझरवर. "न्हाणीघरात बसवतात, खिडकी लावून घेतात. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळ करता करता पडतो. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. जागा नसेल तर घेऊच नको."

आणि मग कूलरचा शॉक. दर उन्हाळ्यात विदर्भाच्या पेपरात ती बातमी असतेच. लोखंडी पत्रा, खाली पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय, आणि पंपाची कुठेतरी सोललेली वायर. तिसऱ्या पिनेची तार बोर्डात जोडलेलीच नसते, किंवा ती पिनच तोडून दोन पिनांवर कूलर चालवतात. काकूंनी आपल्या घरी तीस मिलिअँपचा आरसीसीबी बसवून घेतला आहे. वीज गळायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. एसीवर चाळीस हजार सहज घालणारी माणसं यावर खर्च करताना मात्र घासाघीस करतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा कूलर कोणताही असो, प्लग काढल्याशिवाय टाकीत पाण्याचा पाइप सोडू नका, मुलांना ओल्या हातानं पत्र्याला शिवू देऊ नका, आणि उन्हं चढायच्या आत वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.