घरगुती जनरेटर : निवड, निगा आणि शेजारी

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी कळवा-पडघा दरम्यानच्या 400 केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या, मुंबईची लाईट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि देशभर बातमी झाली. कसाऱ्याजवळच्या आमच्या उंबरमाळीत लाईट जाते तेव्हा फार तर कोणीतरी कुंपणापलीकडून विचारतं, "तुमच्याकडंही गेलीये ना?" शेजारीही अंधारात आहे हे कळलं की निम्मी गैरसोय मिटते. उरलेल्या निम्मीसाठी हे मार्गदर्शन.

आधी भार मोजावा. पंखा 75 वॅट, दिवा 9 वॅट. इथवर सगळं कुटुंब समंजस असतं. मग कोणीतरी मोटरचं नाव काढतं. एक एचपीची मोटर चालताना हजारेक वॅट खाते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. दुकानदार म्हणतो, "एक केव्हीए घ्या, सगळं चालतं." एक केव्हीए म्हणजे साधारण 800 वॅट. मोटर लावताच जनरेटर घुरघुरतो, दिवे मंदावतात आणि सगळे बाबांकडे बघू लागतात. मोटर चालवायची तर तीन केव्हीएच्या खाली बोलणीच करू नयेत.

स्वस्ताईचा हिशेब असा : छोटा जनरेटर लिटरभर पेट्रोलात फार तर दोनेक युनिट देतो. पेट्रोल शंभरीपार, म्हणजे युनिट पन्नास रुपयांच्या वर. या भावात मालिका बघायची असेल तर ती तरी बरी निवडावी. नुसत्या पंख्या-दिव्यांना इन्व्हर्टर आणि 150 एएचची बॅटरी पुरे. दोन पंखे, चार दिवे पाच-सहा तास निघतात. कसाऱ्याकडचा पाऊस दोन दोन दिवस लाईट नेतो, तेव्हाच जनरेटरचं खरं काम.

खरेदीला जाताना आजीला सोबत न्यावं. दुकानातला पोऱ्या एका झटक्यात दोर ओढून इंजिन सुरू करून दाखवतो. तो गुण पोऱ्याचा असतो, यंत्राचा नव्हे. मुलगा रात्रीच्या कसारा लोकलने येणार, तोवर दोर आजीनंच ओढायचा आहे. नंतर महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवावा; कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून राहिलं तर ऐन जुलैत तो मौन धरतो.

पहिल्याच रात्री वाडीतले मोबाईल चार्जिंगला येतील. नाही म्हणू नये, चार्जर आपापला आणायला सांगावा.

भिजेल म्हणून जनरेटर पडवीत आणू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपेतच माणसं जातात. बाहेर, खिडकीपासून लांब, वर पत्रा टाकून ठेवावा.

आता थट्टा पुरे. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून उलटी वीज सोडू नका. ती डीपीतून उलट चढून 11 हजार व्होल्टची होते, आणि त्याच वेळी तुमचीच लाईट जोडायला वायरमन भर पावसात खांबावर असतो. पैसे कमी पडत असतील तर जनरेटर दोन महिने उशिरा घ्या, पण चेंजओव्हर स्विच आधी बसवून घ्या.