पंचेचाळीस दिवसांचा खरीप

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने वीजदराचा फेरआढावा आदेश काढला 25 जून 2025 रोजी, म्हणजे वाशिम जिल्ह्यात पेरणीचे दिवस. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 111 प्रमाणे आयोगाच्या निर्णयाने दुखावलेल्याला विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मुदत, आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवस. प्रत त्याच दिवशी हाती पडली असे धरले तर शेवटची तारीख 9 ऑगस्ट. समजा, रिसोडच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याला दर पटले नाहीत. त्याने सोयाबीनची पेरणी, डवरणी, निंदण आणि फवारणी उरकायची आणि मधल्या रिकाम्या वेळात दिल्लीचा वकील गाठायचा.

पण प्रत मिळते कशी? आदेश शेकडो पानांचा, इंग्रजीत, संकेतस्थळावर. गिरणीवाल्याच्या हाती तो पडतो पुढच्या लाईट बिलात, वाढलेल्या आकड्याच्या रूपाने. 45 दिवसांपैकी निम्मे तोवर मीटर रीडिंगवाल्याची वाट बघण्यात गेलेले असतात.

ज्याला खरी घाई असते, त्याला मात्र एवढे दिवस लागतच नाहीत. त्याच वर्षी 28 मार्चला, शुक्रवारी, आयोगाने सरासरी वीजदर उतरवणारा आदेश काढला. तो 1 एप्रिलपासून लागू व्हायचा होता. पुढे शनिवार, रविवारचा गुढीपाडवा, सोमवारची ईद. एवढ्या सुट्ट्यांतून वाट काढत महावितरण आयोगापुढे पोचली आणि 2 एप्रिलला स्थगिती घेऊन आलीसुद्धा. स्वस्ताईची गुढी उभारली आणि पाचव्या दिवशी उतरवली. ग्राहकाचे 40 दिवस शिल्लकच होते, फक्त आव्हान द्यायला आदेश उरला नव्हता.

न्यायाधिकरणाच्या वर सर्वोच्च न्यायालय. तिथे कलम 125 नुसार 60 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60. 121 व्या दिवशी कडी लागते. ही कडी वाजवून पाहण्याचा मान छत्तीसगडच्या वीज मंडळाकडे जातो. 2010 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कितीही गोड कारण सांगितले तरी त्यापुढची माफी नाही.

मुदतीच्या बाबतीत सरकारी खात्यांचा लौकिक तसा जुनाच आहे. 2012 मध्ये 427 दिवस उशिराने सर्वोच्च न्यायालयात पोचलेले खाते कोणते, तर टपाल खाते! फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जात होती, हे कारण न्यायालयाला पटले नाही. 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकार 663 दिवसांनी उगवले, तेव्हा न्यायालयाचा वेळ वाया घालवल्याबद्दल 25,000 रुपये भरावे लागले.

वीज कंपनीलाही कधी कधी उशिरा जाग येते. अजमेरच्या कंपनीने 2009 ते 2011 मधली आपलीच चूक हेरून 2014 मध्ये जादा बिल पाठवले. त्यावर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, दोन वर्षे उलटली असल्याने जोडणी तोडता येणार नाही. पैसे मात्र इतर मार्गांनी वसूल करता येतील. चूक कंपनीची, झोप कंपनीची, बिल ग्राहकाचे.

गिरणीवाल्याचे गाऱ्हाणे बिलापुरतेच असेल तर रस्ता वेगळा. तक्रार निवारण मंच अकोल्याला, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल नागपूरला, 60 दिवसांच्या आत. 1998 मध्ये अकोल्यातून फुटून वाशिमचा स्वतंत्र जिल्हा झाला. गाऱ्हाण्याची एसटी मात्र अजून अकोल्याला जाते.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज असतो. 1987 मध्ये अनंतनागच्या भूसंपादन अधिकाऱ्याच्या चार दिवसांच्या उशिरावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, रोजच्या दिवसाचा हिशेब मागताना अतिरेक नको. मग तासाचा आणि सेकंदाचा का नको? गिरणीवाल्याला हा निकाल फार आवडेल. त्याच्या अर्जात पहिले आठ दिवस डवऱ्याचे, पुढचे दोन नाल्याला पूर आल्याचे आणि एक दिवस लाईट नसल्याने अर्ज टाईप न झाल्याचा.

ज्या बिलावरून हे सगळे चालले आहे, त्यावरही एक शेवटची तारीख छापलेली असते. ती हुकली तर पुरेसे कारण ऐकायला कोणी बसत नाही. 1.25 टक्के विलंब आकार पुढच्या बिलात आपोआप चढतो, आणि त्यात महावितरणला कधी एक दिवसाचाही उशीर होत नाही.